पिंजरा कोण धुतं?

१९९८च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात पॅट्रिशिया हंट या संशोधिकेच्या उंदरांमध्ये एकाएकी बिघाड दिसू लागला. वरवर पाहता उंदीर ठणठणीत होते. बिघाड होता तो माद्यांच्या बीजांडांत. बीजांड पक्व होताना त्यातली गुणसूत्रं मधोमध रांगेला लागावी लागतात. शंभरातल्या एखाद-दुसऱ्या बीजांडात ती रांग विस्कटते, ते नेहमीचंच. त्या वेळी मात्र शंभरातल्या चाळीसेक बीजांडांत ती विस्कटलेली निघाली. ज्या माद्यांवर कसलाही प्रयोग झाला नव्हता, ज्या फक्त तुलनेसाठी ठेवल्या होत्या, त्यांच्यातही हेच. हंट यांनी प्रयोगशाळेतली एकेक गोष्ट तपासायला घेतली आणि उत्तर सापडलं ते पिंजरे धुण्याच्या कामात. तात्पुरत्या नेमलेल्या एका कामगाराने पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या नेहमीच्या सौम्य साबणाऐवजी फरशी धुण्याच्या जहाल अल्कधर्मी द्रावणाने धुतल्या होत्या. हे पिंजरे पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकचे. त्या द्रावणाने प्लास्टिक झिजलं, त्यातून बिस्फेनॉल-ए नावाचं रसायन झिरपू लागलं आणि उंदरांच्या पोटात गेलं.

पुढे हंट यांनी पिंजरे मुद्दाम तसेच खराब करून पाहिले, ते रसायन थेट देऊन पाहिलं, आणि २००३ साली निबंध प्रसिद्ध केला. प्लास्टिकच्या भांड्यांतून शरीरात काय जातं, या प्रश्नाकडे जगाचं लक्ष वेधणाऱ्या संशोधनांत त्याची गणना होते. २०११ साली युरोपीय संघाने तान्ह्या बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत बिस्फेनॉल-ए वापरण्यावर बंदी घातली.

ही हकिकत बहुतेक ठिकाणी 'एका कामगाराच्या चुकीतून लागलेला शोध' अशी सांगितली जाते. मला ते पटत नाही. पिंजरे धुण्याचं काम कुणावरही सोपवता येतं, ते करणाऱ्याला साबण कोणता आणि तोच का हे समजावून सांगण्याची गरज नाही, असं जिथे धरून चाललं जातं तिथे चूक कामगाराच्या आधी व्यवस्थेची असते. मला इथे त्या काम करणाऱ्या माणसाबद्दल लिहायचं आहे. प्रयोगशाळेतल्या प्राण्याला रोज सकाळी पहिल्यांदा पाहणारा आणि संध्याकाळी शेवटचा पाहणारा माणूस. आपल्याकडे त्याला अटेंडंट म्हणतात, कुठे टेक्निशियन, कुठे नुसतंच 'ॲनिमल हाऊसवाला'.

असा माणूस आपल्या भागातही भेटतो. हातकणंगले तालुका वारणा आणि पंचगंगा या दोन नद्यांच्या मधला. ऊस आणि दुभती जनावरं यांच्यावर इथलं घर चालतं. या तालुक्यात पेठ वडगावला औषधनिर्माणशास्त्राचं महाविद्यालय आहे. वारणानगर, कोल्हापूर, सांगली इथेही आहेत. 'उंदरांवरचे प्रयोग' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे परदेशातली चकचकीत संस्था येते, पण एम.फार्म.चे विद्यार्थी मधुमेहावर, सुजेवर, यकृताच्या विकारांवर एखाद्या वनस्पतीचा अर्क तपासतात ते अशाच महाविद्यालयांच्या ॲनिमल हाऊसमध्ये. बी.फार्म.च्या वर्गात हे प्रयोग आता संगणकावर आणि चित्रफितींतून दाखवतात, ही चांगली गोष्ट झाली. संशोधनात मात्र विस्टार जातीचे मोठे पांढरे उंदीर, स्विस अल्बिनो जातीचे छोटे उंदीर आणि थोडेफार ससे, गिनीपिग अजून लागतात.

तिथलं काम काय असतं ते आधी सांगतो. पिंजऱ्यातलं भाताचं तूस बदलायचं, पिंजरे धुऊन वाळवायचे, गोळीखाद्य मोजून घालायचं, बाटल्या भरायच्या. प्रत्येक बाटलीची नळी बोटाने दाबून पाहायची, कारण नळी तुंबली तर उंदीर रात्रभर तहानलेला राहतो आणि गळकी असली तर पिंजऱ्यात पाणी साचून पिल्लं बुडतात. खोलीचं तापमान १८ ते २९ अंशांच्या दरम्यान आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के ठेवायची, दिवे बारा तास चालू आणि बारा तास बंद, असं सरकारी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मेच्या दुपारी वीज गेली की हे आकडे कागदावर राहतात आणि खोलीत उरतो तो अटेंडंट. रविवार, दिवाळी, गावची जत्रा, कुठल्याच दिवशी हे काम थांबत नाही. २०२० साली टाळेबंदीत जगभरच्या प्रयोगशाळा ओस पडल्या, शास्त्रज्ञ घरी बसले, तरी प्राणी सांभाळणारी माणसं कामावर येत राहिली.

हे झालं हाताचं काम. त्याहून अवघड काम नजरेचं. म्हैस वैरणीला तोंड लावेनाशी झाली, रवंथ थांबला, कान गळाले, की गोठ्यातल्या म्हातारीला डॉक्टरच्या आधी कळतं. उंदराच्या बाबतीत तीच नजर ॲनिमल हाऊसमध्ये लागते. फरक इतकाच की उंदीर आपलं दुखणं लपवतो. शिकार होणारं जनावर ते, आजारी दिसणं त्याला परवडत नाही. म्हणून खुणा बारीक असतात. अंगावरचे केस पिंजारलेले, पाठीला बाक, डोळे अर्धवट मिटलेले. मोठ्या उंदराच्या डोळ्यांभोवती आणि नाकाशी लालसर कड आली तर नवशिक्याला रक्त वाटतं. ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं पॉर्फिरिन नावाचं द्रव्य असतं. निरोगी उंदीर स्वतःला चाटून ते पुसून टाकतो. ताणाखालचा किंवा आजारी उंदीर पुसत नाही. छोटा उंदीर घरटं नीट बांधेनासा झाला तर तीही खूण. २०१० साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या गटाने उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी तयार केली. आक्रसलेले डोळे, फुगलेले गाल आणि नाक, कानांची व मिश्यांची बदललेली ठेवण यांना गुण द्यायचे. ती पट्टी उपयोगाची आहेच. पण वर्षानुवर्षं पिंजऱ्यांपाशी वावरलेल्या माणसाला 'आज हा बरा दिसत नाही' हे आधीही कळत होतं.

या माणसाचा हात प्रयोगाच्या निकालापर्यंत पोचतो, हे विज्ञानाने फार उशिरा मान्य केलं. १९९९ साली जॉन क्रॅब आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात एक निबंध लिहिला. पोर्टलंड, ऑल्बनी आणि कॅनडातलं एडमंटन, अशा तीन शहरांतल्या प्रयोगशाळांनी त्याच वंशांचे उंदीर, त्याच चाचण्या, तीच उपकरणं, दिवसाची तीच वेळ असं शक्य तेवढं सगळं सारखं ठेवलं. तरीही काही चाचण्यांचे निकाल जुळले नाहीत. एडमंटनमध्ये प्रयोग करणाऱ्या व्यक्तीला उंदरांची ॲलर्जी असल्यामुळे ती हवा गाळणारं श्वसनयंत्र लावून काम करत होती, अशी एक नोंद त्या निबंधात आहे. फरक त्यानेच पडला असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण एवढी सगळी समानता साधल्यावर निरनिराळं उरलेलं जे काही होतं, त्यात हाताळणारी माणसं होती, हे नक्की.

२०१० साली लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी त्याहून साधा प्रश्न विचारला: उंदीर उचलायचा कसा? शंभर वर्षं जगभर त्याला शेपटीला धरून उचलत आले आहेत. हर्स्ट यांनी काही उंदीर शेपटीने उचलले, काही ओंजळीत घेतले, काहींना पिंजऱ्यातल्याच एका नळीत शिरू देऊन नळीसकट उचललं. शेपटीने उचललेले उंदीर माणसापासून दूर पळत राहिले आणि चाचण्यांत जास्त भेदरलेले दिसले. ओंजळीतले आणि नळीतले आपणहून हाताजवळ आले. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. चिंता कमी करणाऱ्या औषधाची चाचणी चालू असेल आणि उंदीर उचलण्याच्या रीतीनेच भेदरलेला असेल, तर मोजमाप औषधाचं होतं आहे की भीतीचं, हे सांगता येत नाही. नळीचा खर्च किरकोळ, प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा पुरतो. पण उचलणाऱ्याला ते शिकवायला हवं आणि पिंजरे बदलताना घाई करायला लागू नये इतकी माणसं हवीत. एका माणसावर दोन माणसांचं काम टाकलं की हात शेपटीकडेच जातो.

२०१४ साली मोगिल यांच्याच प्रयोगशाळेतून आणखी एक निष्कर्ष आला. खोलीत पुरुष संशोधक असला तर उंदरांची वेदनेची प्रतिक्रिया दबते. बाई असली तर तसं होत नाही. पुरुषाने रात्री घालून झोपलेला टीशर्ट खोलीत ठेवला तरी तोच परिणाम. नराच्या वासाने उंदरांना ताण येतो, आणि हा ताण नळीत पंधरा मिनिटं कोंडून ठेवण्याइतका असतो असं त्यांना आढळलं. काही वेळाने तो ओसरतो. वेदनाशामकांवरच्या किती प्रबंधांत 'उंदीर कोणी हाताळले' हे लिहिलेलं असतं? मी पाहिलेल्या प्रबंधांत उंदरांची जात, वजन, खाद्याची कंपनी हे सगळं होतं, माणूस नव्हता.

महाराष्ट्रात या कामाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली, आधी सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा पुढे परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे पक्कं झालं तेही परळमधल्या प्रयोगांतून. १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने तिथे छोट्या खोल्या बांधल्या, गिनीपिग कधी जमिनीवर मोकळे सोडले, कधी पिंजऱ्यात घालून वेगवेगळ्या उंचीवर टांगले. जमिनीलगतचे गिनीपिग प्लेगने मेले आणि दोन फूट उंच टांगलेले वाचले, कारण पिसू तेवढी उंच उडी मारू शकत नाही. हा निष्कर्ष कागदावर दोन ओळींचा. पण प्लेगच्या घरातून ते गिनीपिग उचलणं, पिंजरा टांगणं, मेलेल्या प्राण्याच्या अंगावरच्या पिसवा वेचून मोजणं, हे काम करणारा माणूस रोज आपल्या जिवाशी खेळत होता. आयोगाच्या अहवालांमुळे डॉक्टरांची नावं इतिहासात राहिली. पिंजरे टांगणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आज कुणाच्या तोंडी नाही.

हाफकिनचा एक धागा थेट आपल्या उसाच्या फडापर्यंत येतो. फडात घोणस किंवा नाग चावला की रुग्णालयात जी कुपी फोडतात, त्यातलं प्रतिविष घोड्याच्या रक्तातून येतं. विषाच्या अगदी सूक्ष्म मात्रेपासून सुरुवात करून आठवडेच्या आठवडे वाढती मात्रा घोड्याला टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार झाली की मानेच्या शिरेतून रक्त काढतात, त्यातला रक्तद्रव वेगळा करतात आणि लाल पेशी घोड्याला परत देतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारं प्रतिविष असं बनतं. हाफकिनची घोड्यांची पागा पिंपरीला. टोचलेल्या जागी गाठ आली, घोडा चंदीला तोंड लावेना, चाल मंदावली, हे पशुवैद्याच्या आधी दिसतं ते मोतद्दाराला. पुढच्या वेळी रक्त काढायचं की घोड्याला विश्रांती द्यायची, हा निर्णय पशुवैद्याचा. पण तो ज्या माहितीवर घेतला जातो ती मोतद्दाराच्या तोंडून येते. त्याला 'साहेब, आज नको' म्हणायची हिंमत होते की नाही यावर घोड्याचं आयुष्य अवलंबून असतं, आणि औषधाचा दर्जाही.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेची गोष्ट जवळच्या काळातली. १९५२ साली ती विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. १९५७मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात माकडं मरून पडू लागली, तेव्हा इथल्याच शास्त्रज्ञांनी क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचा विषाणू शोधला. त्या विषाणूवर काम करताना संस्थेतल्याच कर्मचाऱ्यांना प्रयोगशाळेत लागण झाल्याच्या घटना घडल्या. २०२० साली कोव्हॅक्सिन लशीची चाचणी या संस्थेने वीस ऱ्हीसस माकडांवर केली, पाच-पाचचे चार गट करून. टाळेबंदीत माकडं मिळेनात, शेवटी नागपूरच्या परिसरात सापडली. बंदिस्त प्रयोगशाळेत संरक्षक पोशाख घालून दहा-बारा तास अन्नपाण्यावाचून काम करावं लागे, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनी आपल्या पुस्तकात लिहिलं आहे. मला त्या वर्णनात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: त्या खोलीत शास्त्रज्ञ, पशुवैद्य आणि प्राणी सांभाळणारा असा भेद टिकत नाही. माकडाला भूल देताना धरणारा हात चुकला तर सगळेच धोक्यात. असं काम शेजारी-शेजारी उभं राहिल्याशिवाय होत नाही.

एरवीच्या प्रयोगशाळेत मात्र हे अंतर मोठं असतं. उंदराच्या मूत्रातलं प्रथिन वाळून हवेत उडतं, श्वासात जातं. आधी शिंका, मग डोळ्यांना खाज, पुढे काहींना दमा. वर्षानुवर्षं पिंजरे बदलणाऱ्यांत हा त्रास सर्रास आढळतो, तरी चांगला मास्क ही मागून घ्यायची वस्तू असते. आणि ज्याविषयी कुणी बोलत नाही असं एक ओझंही असतं. प्रयोग संपला की प्राणी 'सॅक्रिफाइस' करतात, प्रयोगशाळेतला शब्दच तो. विद्यार्थी आपला प्रबंध घेऊन निघून जातो. ज्याने ते उंदीर पिल्लांपासून वाढवले, त्याला दुसऱ्या दिवशी रिकामे पिंजरे धुवायचे असतात. आपल्या भागातल्या माणसांना जनावराचा लळा काय असतो हे सांगायला नको. २०१९च्या महापुरात नदीकाठच्या गावांत किती तरी जणांनी जनावरं सोडून घराबाहेर पडायला नकार दिला होता. ॲनिमल हाऊसमधल्या माणसाला दुःख होत नाही, हे गृहीत धरणं निष्ठुरपणाचं आहे. प्रयोग कधी संपणार, प्राण्यांचं काय होणार, त्यातून काय कळलं, हे त्याला सांगितलं गेलंच पाहिजे.

आता नियमांकडे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १५व्या कलमानुसार प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी समिती १९६४ साली प्रथम नेमली गेली आणि १९९८ साली सविस्तर नियम आले. प्रत्येक संस्थेत एक नीतिसमिती असते. तिच्या मंजुरीशिवाय उंदरालाही हात लावता येत नाही. या समितीत संस्थेतले वेगवेगळ्या विषयांचे शास्त्रज्ञ, पशुवैद्य, ॲनिमल हाऊसचे प्रभारी शास्त्रज्ञ, बाहेरचा शास्त्रज्ञ, सामाजिक जाण असलेला एक बिगरवैज्ञानिक सदस्य आणि केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतात. यादी विचारपूर्वक केलेली आहे. पण पिंजऱ्यापाशी रोज उभा राहणारा माणूस तिच्यात नाही. ब्रिटनमध्ये १९८६च्या कायद्यापासून प्राण्यांच्या रोजच्या देखभालीची जबाबदारी असलेली व्यक्ती नावाने नेमावी लागते, आणि संस्थेच्या प्राणिकल्याण व नीतिविषयक मंडळात तिला जागा असते. युरोपीय संघाच्या २०१०च्या निर्देशातही तशीच तरतूद आहे.

ही जागा शोभेची नसते. आपल्या महाविद्यालयांत नेहमी होणारा प्रयोग घ्या: स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून उंदरांना मधुमेही करायचं आणि मग वनस्पतीचा अर्क देऊन साखर उतरते का पाहायचं. विद्यार्थी अर्जात लिहितो, 'तूस आठवड्यातून दोनदा बदलले जाईल.' निरोगी उंदरांना ते पुरतं. मधुमेही उंदीर मात्र भरमसाट पाणी पितो आणि तितकंच मूत्र टाकतो; एका दिवसात तूस चिंब होतं, अमोनियाच्या वासाने खोलीत थांबवत नाही, बाटली पहाटेच रिकामी होते. ओल्या तुसात उंदराचे पाय सुजतात. शिवाय स्ट्रेप्टोझोटोसिन स्वादुपिंडातल्या पेशी फोडतं तेव्हा त्यांतलं इन्सुलिन एकदम बाहेर पडतं, साखर धोकादायक उतरते आणि पहिल्याच रात्री उंदीर मरू शकतात. म्हणून त्या रात्री साखरेचं पाणी ठेवायचं असतं. असे दोन-तीन प्रयोग सांभाळलेला अटेंडंट हे सगळं अर्ज वाचताच सांगेल. त्याला विचारलं नाही तर सहा-आठ उंदीर जास्तीचे मागवावे लागतात, वाया जातात, आणि 'अर्काने वजन घटले' असा निष्कर्ष निघतो; खरं तर ते तहानेने घटलेलं असतं. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ साली प्राण्यांना पर्याय शोधा, संख्या घटवा, त्रास कमी करा अशी तीन तत्त्वं मांडली. भारताने त्यांत प्रयोगानंतरच्या पुनर्वसनाची भर घातली. यांतलं त्रास कमी करण्याचं तत्त्व पाळणं पिंजऱ्यापाशी वावरणाऱ्या माणसाच्या मदतीशिवाय अशक्य आहे.

त्याला शिकवायची सोय देशात आहे. १९५७ साली मुंबईत सुरू झालेली प्रयोगशाळा-प्राण्यांची माहितीसेवा १९७६ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत गेली आणि पुढे राष्ट्रीय केंद्र बनली. तंत्रज्ञ आणि पर्यवेक्षक यांच्यासाठी तिथे स्वतंत्र प्रशिक्षण दिलं जातं. कंत्राटावर अकरा महिन्यांसाठी घेतलेल्या माणसाला तिकडे कुणी पाठवत नाही, ही खरी अडचण आहे. नजर तयार व्हायला वर्षं लागतात आणि आपण ती दर वर्षी बदलतो.

म्हणून या भागातल्या महाविद्यालयांतल्या मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. नीतिसमितीकडे अर्ज धाडण्याआधी तो अटेंडंटला मराठीत वाचून दाखवा, आणि त्याने सुचवलेले बदल त्याच्या नावानिशी अर्जात लिहा. समितीच्या पुढच्या बैठकीला त्याला बोलवा, बसायला खुर्ची द्या, आणि पहिला प्रश्न त्याला विचारा. प्रबंधात उंदरांच्या जातीनंतरच्या ओळीत ते कोणी हाताळले, कसे उचलले, तूस किती दिवसांनी बदललं हे येऊ द्या. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही आणि पैसाही लागत नाही. येत्या जूनपासून सुरू करता येईल.